टेकविणे, वळविणे, आवळणे : बंदुकीच्या तोंडावरील जोडाची परिभाषा

परिभाषेचा प्रश्न मराठीत बहुधा नामांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अमुक इंग्रजी नामाला मराठीत काय म्हणावे, ते संस्कृतातून घडवावे की कारखान्यातून उचलावे, यावर पुष्कळ चर्चा होते. क्रियापदांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः यंत्राविषयीच्या सूचनेत क्रियापदाचा मोघमपणा नामातील चुकीपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. वस्तूचे नाव चुकले तर वस्तू समोर असल्यामुळे चूक तत्काळ लक्षात येते. कृतीचे नाव मोघम राहिले तर चूक ती कृती पुरी होईपर्यंत लपून राहते, आणि कित्येकदा त्यानंतरही दिसत नाही.

हे विधान तपासून पाहण्यासाठी एक अगदी लहान उदाहरण पुरेसे आहे. रायफलीच्या नळीच्या तोंडावर एक धातूचा तुकडा आट्यांनी बसविलेला असतो. ‘हा जोड नळीवर नीट जुळवून घट्ट बसवावा’ असे एक वाक्य कोणीही सहज लिहील. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, अर्थही वरवर स्पष्ट आहे. परंतु ‘नीट’, ‘जुळवून’, ‘घट्ट’ आणि ‘बसवावा’ या चार शब्दांआड तीन स्वतंत्र अटी दडलेल्या आहेत. त्यांपैकी दोन अटी तर परस्परांच्या आड येतात. त्या अटी कोणत्या, त्या कशा पाळल्या जातात आणि त्या वेगळ्या दाखविण्यास मराठीपाशी कोणती साधने आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. जोड आणि त्याचे प्रयोजन

गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यामागून तप्त व दाबाखालील वायूंचा लोट बाहेर येतो. या वायूंचा उपयोग अथवा बंदोबस्त करण्यासाठी नळीच्या तोंडावर निरनिराळे जोड लावले जातात. वायू बाजूंना व मागे वळवून खांद्याला बसणारा धक्का कमी करणारा तो मझल ब्रेक. वायू विखरून तोंडाशी दिसणारी ज्वाळा कमी करणारा तो फ्लॅश हायडर. आणि वायूच्या रेट्याने नळीचे वर उसळणारे तोंड खाली दाबणारा तो कॉम्पेन्सेटर. एकाच तुकड्याने यांपैकी दोन कामे होतात असेही घडते. या सर्वांना मिळून येथे ‘मुखजोड’ म्हटले आहे.

‘मुख’ हा शब्द येथे नवा आणलेला नाही. शस्त्रांची मराठी पहिल्यापासून शरीराची भाषा बोलत आली आहे. तोफेला तोंड असते, आणि ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. तोफेला कान असतो. शत्रूची तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात खिळा ठोकीत. बंदुकीला घोडा असतो आणि नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी माशी असते. नळीचे टोक कातून तेथे आटे पाडले की आट्यांच्या मागे मूळ जाडीची जी कडा उरते, तिला खांदा म्हणतात. पुढील विवेचनात या खांद्याचे महत्त्व मोठे आहे.

२. पहिली अट : एक अक्ष

मुखजोडाच्या मधोमध गोळी जाण्यासाठी भोक असते. ते गोळीच्या व्यासापेक्षा थोडेच मोठे असते, कारण भोक फार मोठे ठेवले तर वायू त्यातूनच निघून जाईल आणि जोडाचा हेतू विफल होईल. म्हणून या भोकाचा अक्ष व नळीच्या पोकळीचा अक्ष एकाच रेषेत असणे ही पहिली अट होय. ती मोडली तर गोळी जोडाच्या आतील कडेला घासते. त्याचा सौम्य परिणाम म्हणजे नेम बिघडणे; तीव्र परिणाम म्हणजे जोड फुटणे किंवा उडून जाणे.

ही अट आट्यांमुळे पाळली जाते असे प्रथमदर्शनी वाटते. पण ते खरे नाही. फिरवून चढवता यावेत म्हणून नर व मादी आट्यांमध्ये किंचित मोकळीक ठेवावीच लागते, आणि त्या मोकळिकीपुरता जोड कललेला राहू शकतो. तो सरळ होतो तो खांद्यावर सपाट टेकल्यामुळे. अर्थात खांदा पोकळीच्या अक्षाशी काटकोनात असला पाहिजे. गवंड्याच्या भाषेत सांगावयाचे तर तो गुण्यात असला पाहिजे. आटे पाडतानाही नळीच्या बाहेरील पृष्ठाचा आधार न घेता पोकळीचा आधार घ्यावा लागतो. कारण नळीची बाहेरची बाजू व आतली पोकळी यांचे मध्य तंतोतंत एकच असतील अशी खात्री नसते.

कल किती लहान असला तरी तो लांबीबरोबर वाढतो. खांद्यापाशी जोड केवळ ०.१ अंशाने कलला, तर ५० मिमी लांबीच्या जोडाचे पुढील टोक सुमारे ०.०९ मिमी बाजूला सरकते. जोड २०० मिमी लांबीचा असेल तर तेच सरकणे सुमारे ०.३५ मिमी होते. आखूड जोडाला जी चूक चालून जाते, ती लांब जोडाला चालत नाही ती यामुळेच.

३. दुसरी अट : मोहरा

मुखजोड सर्व बाजूंनी सारखा असेल तर तो कोणत्याही कोनात थांबला तरी बिघडत नाही. अमेरिकेच्या एम-१६ए१ या रायफलीच्या फ्लॅश हायडरला सभोवार सहा चिरा होत्या. त्यामुळे तो कोठेही थांबला तरी काम तेच होई. १९८० च्या दशकात आलेल्या एम-१६ए२ मध्ये चिरा पाचच ठेवल्या गेल्या व खालची बाजू बंद करण्यात आली. जमिनीवर पालथे पडून गोळी झाडताना खाली सुटणाऱ्या वायूने धूळ उडते, ती कमी व्हावी आणि वर सुटणाऱ्या वायूच्या प्रतिक्रियेने नळीचे तोंड थोडे खाली दाबले जावे, असा त्यात दुहेरी हेतू होता. एक चीर बुजविल्याबरोबर त्या तुकड्याला वरची व खालची बाजू आली, आणि तो नळीवर कोणत्या कोनात थांबतो हा प्रश्न नव्याने उत्पन्न झाला.

सोव्हिएत सैन्याने १९५९ मध्ये स्वीकारलेल्या एकेएम रायफलीवरील कॉम्पेन्सेटर याहूनही बोलका आहे. तो म्हणजे बोरू तासावा तशी तिरकस कापलेली एक आखूड नळी आहे. तिची खालची ओठासारखी कडा पुढे आलेली असते, आणि वायू त्या कडेवर आदळून तोंड दाबले जाते. उजव्या खांद्यावरून गोळ्या झाडणाऱ्याच्या रायफलीचे तोंड वर व किंचित उजवीकडे उसळते. म्हणून ही कापलेली बाजूही सरळ वर न ठेवता वर व उजवीकडे वळलेली ठेवतात. हा तुकडा उलटा बसला तर तो नुसता निरुपयोगी होत नाही. ज्या दोषाच्या निवारणासाठी तो आहे तोच दोष तो वाढवितो. थोडी चूकही उपेक्षणीय नसते. कोन १५ अंशांनी चुकला तर वायूच्या रेट्याचा पावाहून थोडा अधिक हिस्सा भलत्या बाजूस जातो.

जोडाची ठरावीक बाजू ठरावीक दिशेस असणे, या अटीला येथे ‘मोहरा’ म्हटले आहे. त्या निवडीचे कारण पुढे येईल.

४. तिसरी अट, आणि तिचा दुसरीशी विरोध

जोड गोळीबाराच्या हादऱ्यांनी सैल होता कामा नये, ही तिसरी अट. आट्यांचा जोड टिकतो तो ताणामुळे. खांद्याला टेकल्यानंतर आणखी थोडे पिळले की आट्यांत ताण येतो, घर्षण वाढते आणि जोड जागच्या जागी धरला जातो.

विरोध उत्पन्न होतो तो येथेच. आट्याला खांदा गाठून थांबणे माहीत आहे. कोणत्या कोनात थांबावयाचे हे माहीत नाही. नळीवरील आट्याचा आरंभ कोठे झाला, जोडातील आट्याचा आरंभ कोठे झाला आणि खांदा नेमका किती अंतरावर आहे, यांवर तो कोन अवलंबून असतो. आणि या गोष्टी प्रत्येक नळीगणिक बदलतात. हाताने फिरविलेला जोड खांद्याला टेकतो तेव्हा त्याचा माथा घड्याळातील चारच्या जागी असेल किंवा नऊच्या जागी असेल. तेथून तो बाराच्या जागी आणण्यासाठी मागे फिरविला तर तो सैल होतो. बळाने पुढे रेटला तर आटे बिघडतात अथवा नळीच्या तोंडावर नको इतका ताण येतो. थोडक्यात, घट्ट करावा तर मोहरा चुकतो आणि मोहरा साधावा तर घट्टपणा जातो.

हा विरोध किती सूक्ष्म मापांचा आहे हे गणिताने कळते. एम-१६ च्या नळीवर इंचाला २८ आटे असतात. म्हणजे एका पूर्ण वळशात जोड सुमारे ०.९१ मिमी पुढे सरकतो. पाव वळशासाठी ०.२३ मिमी, तर दहा अंशांसाठी अवघे ०.०२५ मिमी अंतर लागते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी आहे. खांदा व जोड यांच्यामध्ये एवढ्या जाडीची वस्तू कमीअधिक करता आली, तर घट्टपणा न सोडता मोहरा साधता येईल. यांत्रिकांनी योजलेले बहुतेक उपाय या एकाच विचारावर उभे आहेत.

पहिला उपाय चेपणाऱ्या वॉशरचा. हे वॉशर सपाट नसून बशीसारखे खोलगट असते. जोड आवळत गेले की ते चेपत जाते, आणि चेपतानाही ताण कायम ठेवते. त्यामुळे जोड टेकल्यानंतरही बराच वळविता येतो व हव्या कोनावर थांबविता येतो. एकदा चेपलेले वॉशर पुन्हा मूळ आकारास येत नाही. कोन ओलांडला गेला तर जोड मागे न फिरविता नवे वॉशर घ्यावे लागते. त्याचा दुसरा दोष असा की ते सर्व बाजूंनी सारखेच चेपेल याची हमी नसते. म्हणजे दुसरी व तिसरी अट पाळताना पहिली अट धोक्यात येते. म्हणून लांब जोडाखाली ते वापरीत नाहीत.

दुसरा उपाय पदरी वॉशरचा. अतिशय पातळ पत्र्यांचे पदर एकावर एक चिकटवून ते केलेले असते, व लागेल तसा एकेक पदर सोलून काढता येतो. पदर ०.०५ मिमी जाडीचा धरला तर एक पदर काढल्याने वरील आट्यांवर जोड सुमारे २० अंश पुढे जातो. तिसरा उपाय निरनिराळ्या जाडीच्या सपाट चकत्यांचा, ज्यांना कारखान्यात शिम म्हणतात. या दोन्ही उपायांत पृष्ठभाग सपाट राहत असल्याने पहिली अट सुरक्षित राहते. मात्र जोड पुनःपुन्हा चढवून उतरवून पाहावा लागतो. चौथा उपाय चेकनटाचा : जोड हव्या मोहऱ्यावर ठेवावयाचा आणि मागून स्वतंत्र नट त्याच्यावर आवळावयाचा. येथे वळविणे एका तुकड्याचे व आवळणे दुसऱ्या तुकड्याचे, अशी कामाची सरळ वाटणी झालेली दिसते.

एकेएमच्या रचनाकारांनी विरोध दुसऱ्याच मार्गाने सोडविला. तेथे आटे १४ मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे आणि डाव्या पिळाचे आहेत. जोड हाताने शेवटपर्यंत फिरवावयाचा आणि मग खाच जुळेपर्यंत किंचित मागे आणावयाचा. स्प्रिंगवरील एक खुंटी त्या खाचेत शिरते व जोड फिरू देत नाही. आवळण्याची अट येथे जवळजवळ सोडूनच दिलेली आहे. जोड बोटांना थोडा हलताना जाणवतो, तरी तो आपला मोहरा सोडत नाही. घट्टपणा आणि स्थिरता या एकच गोष्टी नव्हेत हे यावरून दिसते.

५. आट्यापूर्वीचा जोड : संगीन

बंदुकीच्या तोंडावर ठरावीक कोनात वस्तू बसविण्याचा प्रश्न मुखजोडांच्या कितीतरी आधीचा आहे. सतराव्या शतकात युरोपात आलेली पहिली संगीन खुंट्यासारखी होती. तिची मूठ नळीच्या तोंडात ठोकून बसवीत. ती नीट बसली म्हणजे बंदूक बंद झाली, आणि बंदूक चालवावयाची तर ती उपसून काढणे भाग. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमधील किलिक्रँकी येथे जनरल ह्यू मॅके याच्या सैनिकांवर डोंगराळ प्रदेशातील लढवय्ये धावून आले, तेव्हा बार काढून झाल्यावर संगिनी तोंडात बसविण्याइतका अवधी त्या सैनिकांना मिळाला नाही. मॅकेने पराभवाचे एक कारण म्हणून याचा उल्लेख केला आहे.

पुढे खोबणीची संगीन आली. तिच्या मागील बाजूस नळीवर बाहेरून चढणारे पोकळ नळकांडे असते आणि त्यात काटकोनांत वळणारी खोबण कापलेली असते. नळीवरील लहानशी खुंटी त्या खोबणीत घालावयाची, संगीन मागे ढकलावयाची आणि फिरवावयाची. पाते नळकांड्यापासून कोपरासारखे वळवून बाजूला काढलेले असल्याने नळीचे तोंड मोकळे राहते. हे पाते एका ठरावीक बाजूसच यावे लागते; एरवी ते ठासणाऱ्या हाताच्या आड येईल. अठराव्या शतकातील ब्रिटिश मस्केटीत ही खुंटी नळीच्या माथ्यावर असे, आणि तीच माशी म्हणूनही उपयोगी पडे.

आट्याची रचना आणि खोबणीची रचना यांतील भेद येथे स्पष्ट होतो. आट्यात अक्षावरील शेवट ठरलेला असतो व कोन दैवावर सोडलेला असतो. खोबणीत कोन आधी ठरतो. घट्टपणासाठी वेगळा उपाय करावा लागतो. या दुसऱ्या रचनेला इंग्रजीत आजही संगिनीचेच नाव आहे, आणि ती महाराष्ट्रातील घरोघरी आहे. दोन खुंट्यांचा विजेचा दिवा होल्डरात दाबून फिरविला म्हणजे जी कृती घडते, ती बंदुकीवर संगीन चढविण्याचीच कृती होय. तेथेही आतील स्प्रिंग दिव्याला मागे रेटून धरते. म्हणजे कोन खोबणीने राखला आणि घट्टपणा स्प्रिंगने.

६. शब्दांचा विचार

इंग्रजीत पहिल्या अटीस अक्षांच्या ऐक्याचा शब्द आहे. तिसरीस पिळाच्या बळाचा आहे. दुसऱ्या अटीस मात्र ‘टायमिंग’, ‘क्लॉकिंग’ आणि ‘इंडेक्सिंग’ असे तीन शब्द कारागिरांच्या बोलण्यात चालतात. ‘क्लॉकिंग’ मध्ये घड्याळाच्या तबकडीची उपमा उघड आहे. ‘टायमिंग’ मध्ये काळाचे नाव कोनाला लाभले आहे. हे शब्द कोणा समितीने ठरविलेले नाहीत. कामात वेगळी अट जाणवली आणि जवळ असलेला शब्द तिला चिकटला.

मराठी पारिभाषिक लेखनात ‘संरेखन’ हा शब्द आढळतो. रस्ता, लोहमार्ग, कालवा यांच्या संदर्भात तो चपखल आहे, कारण तेथे रेषेचाच प्रश्न असतो. मुखजोडाच्या संदर्भात मात्र तो पहिल्या दोन्ही अटींना सारखाच लागू पडतो, आणि म्हणून कोणतीच निश्चितपणे सांगत नाही. अक्ष एका रेषेत असूनही मोहरा उलटा असू शकतो. मोहरा बरोबर असूनही अक्ष कललेला असू शकतो. जो शब्द हा भेद झाकतो तो कितीही शुद्ध असला तरी येथे निरुपयोगी आहे.

मराठीत असा भेद करण्याची शक्ती नाही असे मात्र म्हणता येणार नाही. गवंड्याच्या भाषेत भिंत ओळंब्यात असते, जोते पाणसळीत असते आणि कोपरा गुण्यात असतो. तिन्हींचा अर्थ ढोबळपणे ‘सरळ’ असाच आहे. परंतु कोणताही गवंडी एका शब्दाच्या जागी दुसरा वापरणार नाही, कारण प्रत्येक शब्दामागे एक वेगळे उपकरण व एक वेगळी तपासणी उभी आहे. शब्द वेगळे का राहिले याचे उत्तर या तपासण्यांत आहे.

हीच कसोटी मुखजोडाला लावली असता तीन क्रियापदे हाती येतात. जोड खांद्यावर टेकविणे. त्याची तपासणी गुण्याची. जोड मोहऱ्यावर वळविणे; त्याची तपासणी माशीशी व पाणसळीशी ताडून. जोड आवळणे, त्याची तपासणी पान्याच्या बळाची. दुसऱ्या अटीसाठी ‘रोख’ हा शब्द प्रथम सुचण्यासारखा आहे. परंतु बंदूक रोखणे म्हणजे नेम धरणे. ‘जोडाचा रोख’ आणि ‘बंदुकीचा रोख’ एकाच सूचनेत आले तर घोटाळा होईल. शिवाय ‘रोखणे’ याचा अडविणे हाही अर्थ आहे. ‘मोहरा’ या शब्दाला या अडचणी नाहीत. घराचा मोहरा पूर्वेस असतो, आणि मोहरा वळविता येतो : वस्तूची दर्शनी बाजू कोणीकडे आहे एवढेच तो सांगतो, आणि येथे तेवढेच सांगावयाचे आहे.

वॉशर, नट, पाना, स्प्रिंग, शिम या शब्दांना हात लावण्याचे कारण नाही. काडतूस व पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मराठीत पुरते मुरले. तोफ व बंदूक हेही बाहेरूनच आले. शस्त्रांच्या नामांबाबत मराठीने कधी सोवळे पाळले नाही, आणि त्यात तिचे काही बिघडले नाही. उसनी नामे खपतात. क्रियापद मात्र वाक्याला आकार देते, आणि ते भाषेच्या स्वतःच्या भांडारातूनच यावे लागते.

लेखाच्या प्रारंभी दिलेले वाक्य आता पुन्हा लिहून पाहता येईल. भारतात हे काम शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना असलेल्या कारागिराचेच आहे. म्हणून सूचना त्यालाच उद्देशून आहे, हे गृहीत धरून ती अशी होईल :

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि नळी व्हाइसमध्ये धरून पाणसळीत आणावी. जोड हाताने फिरवून खांद्यावर टेकवावा. तो गुण्यात टेकला आहे की नाही ते पाहावे. त्याचा माथा माशीपासून किती दूर थांबला ते पाहून, तेवढ्या फरकास पुरेल अशी चकती खांदा व जोड यांमध्ये घालावी. नंतर जोड आवळावा. आवळून होईल त्याच क्षणी मोहरा माशीच्या रेषेत आला पाहिजे. शेवटी नळीतून सरळ गज घालून तो जोडाच्या भोकाच्या मधोमध येतो की नाही हे तपासावे. गज कडेला गेला तर गोळी झाडू नये. जोड उतरवून पुन्हा टेकविण्यापासून आरंभ करावा.

मूळ सूचना एका वाक्याची होती; ही नऊ वाक्यांची झाली आहे. तीत एकही नवा संस्कृत शब्द घडवावा लागलेला नाही.